बेरीनं बारीक

घनसावंगी तालुक्यात वजनावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी बांधावरूनसुद्धा झाली नसतील. उसाची ट्रॉली काट्यावर गेली की भांडण, कापूस जिनिंगवर गेला की भांडण, मोसंबीचा व्यापारी बागेत आला की भांडण. तक्रार पिढ्यान्‌पिढ्या एकच: वजन कमी भरलं. अशा मुलखात ‘वजन कमी भरवून देतो, वर पैसेही तुम्हीच द्या’ असं म्हणणारा माणूस टिकेल असं कुणाला वाटलं नसतं. पण तो आला, त्यानं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि धंदा जोरात चालू आहे. आता काट्यावर ट्रॉलीऐवजी माणूस स्वतः चढतो, आकडा उतरला की पेढे वाटतो आणि वाटता वाटता दोन खातो.

सध्या मान बेरीच्या कॅप्सुलीचा आहे. त्याआधी कोरफडीच्या रसाचा होता, त्याआधी नोनीचा, आणि त्याच्याही आधी चुंबकाच्या गादीचा. बेरीत अकाई, गोजी, रास्पबेरी, माकी अशी घराणी आहेत. यातलं एकही फळ गावात कुणी पाहिलेलं नाही. डबीवर मात्र त्याचा फोटो असतो: टपोरं, चकचकीत, अंगावर पाण्याचे थेंब. आमच्याकडं फळावर पाणी दिसलं तर गिऱ्हाईक आधी विचारतं, ‘वजन वाढवायला मारलं का?’ डबीवरच्या फळाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. परदेशी फळाची एवढी अदब आपण पाळतोच.

विकणारे बहुतेक नात्यातले असतात, हीच या मालाची खरी ताकद. परका दारात आला तर ‘मालक घरी न्हाईत’ म्हणून वाटेला लावता येतं. पण आमचे चुलत मेव्हणे आले, तर त्यांना कसं वाटेला लावणार? मेव्हणे आधी विमा विकत, मग पाण्याचं फिल्टर विकत, आता ते ‘वेलनेस कोच’ आहेत. कोच झाल्यापासून ते ‘राम राम’ म्हणत नाहीत, ‘गुड मॉर्निंग चॅम्पियन’ म्हणतात, तेही संध्याकाळी. त्यांच्या पिशवीत एक छोटं यंत्र असतं. दोन्ही हातांनी धरायचं, मग ते तुमच्या शरीराचं वय सांगतं. माझ्या मोठ्या भावाचं वय आधार कार्डावर चव्वेचाळीस, यंत्रावर अठ्ठावन्न निघालं. सरकारी दप्तरात जन्मतारीख एका दिवसानं हलवायची तर माणसाच्या चपला झिजतात. इथं चौदा वर्षं मिनिटात सरकली.

“आता काय करायचं ओ भाऊजी?” वहिनींनी घाबरून विचारलं.

“काही नाही, वहिनीसाहेब. सकाळी एक कॅप्सूल, संध्याकाळी एक. ॲमेझॉनच्या जंगलातलं फळ आहे.”

“आवं, पण यांना पानशेंगोळ्याबिगर जेवण जात नाही.”

“जाऊ द्या की. फळ काम करतं.”

‘फळ काम करतं’ हे वाक्य मला फार आवडलं. तालुक्यात सध्या काम करणारं कुणी मिळत नाही. मजूर नाही, सालगडी नाही, आणि हे फळ ब्राझीलहून येऊन दोन टायमाला कामावर हजर.

या सगळ्यात मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमचा शेतकरी फसायला सोपा नाही. आमचा जालना हा बियाण्यांचा जिल्हा. इथं पिशवीवरच्या चित्राला कुणी भुलत नाही. कृषी केंद्रात नवं टॉनिक आलं की गडी डबी उलटीपालटी करतो आणि म्हणतो, “कामून घ्यायचं? रिझल्ट दाखवा.” मग कंपनीच्या पोराला उन्हातान्हात कुणाच्या तरी शेतात डेमो प्लॉट टाकावा लागतो. कपाशीच्या चार ओळींवर फवारायचं, शेजारच्या चार ओळी तशाच सोडायच्या. खत तेच, पाणी तेच, माती तीच. महिन्यानं बांधावर उभं राहून बघायचं. फवारलेल्या ओळी शेजारणींसारख्याच दिसल्या, तर पोराला चहा पाजून परत पाठवायचं. हाच माणूस संध्याकाळी घरी येतो आणि स्वतःच्या पोटात काय फवारायचं ते मोबाईलवरचा फोटो बघून ठरवतो. कपाशीच्या पोटाची जेवढी काळजी, तेवढी स्वतःच्या पोटाची नाही.

माणसांचे डेमो प्लॉट जगात झालेले आहेत. पद्धत आपल्या शेतातलीच, फक्त एक जास्तीची खबरदारी घ्यावी लागते. आपल्यावर औषध मारलंय हे कपाशीला कळत नाही. माणसाला कळतं, आणि तो नुसत्या कळण्यानंच ताजातवाना व्हायला लागतो. म्हणून न फवारलेल्या ओळीतल्या माणसांनाही हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत काहीच नसलेली कॅप्सूल देतात. कोणाला खरी मिळाली आणि कोणाला पोकळ, हे घेणाऱ्यालाही सांगत नाहीत आणि देणाऱ्यालाही.

गार्सिनिया कंबोजियाचा प्लॉट असाच झाला. गार्सिनिया हे बेरीच्या कॅप्सुलींमधलं मोठं नाव, आणि नात्यानं आपल्या कोकमाचं भावंड. त्याच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं आणि ते शरीरात चरबी बनू देत नाही, असा दावा. 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्याचा निकाल छापून आला. 135 स्थूल माणसं घेतली होती. बारा आठवडे सगळ्यांना कमी उष्मांकाचं, भरपूर चोथ्याचं जेवण दिलं. निम्म्यांना गार्सिनियाची गोळी, निम्म्यांना पोकळ. शेवटी वजनं केली. खरी गोळी खाणाऱ्यांचं वजन सरासरी 3.2 किलो उतरलं. पोकळ गोळी खाणाऱ्यांचं 4.1 किलो. हा फरक संख्याशास्त्रात धरण्याजोगा नव्हता, म्हणून पोकळ गोळी जास्त गुणकारी असं म्हणता येत नाही. पण मेव्हण्यांनी उद्या पोकळ कॅप्सुली विकायला काढल्या, तर त्यांच्याकडं निदान एक छापील आकडा तरी असेल.

या निकालातली खरी बातमी मात्र पुढंच आहे. दोन्ही गटांचं वजन उतरलं. म्हणजे गोळीनं काही झालं नाही, जेवणानं झालं. ही गोष्ट मनात धरून ठेवा, पुढं लागणार आहे.

गार्सिनियाबद्दल आणखी एक गंमत. केरळात हे फळ वाळवून पिढ्यान्‌पिढ्या माशाच्या कालवणात घालतात. फळाच्या अंगी पोट आत ओढायची ताकद असती, तर अख्खं केरळ शिडशिडीत व्हायला हवं होतं. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत केरळातल्या 38 टक्के स्त्रियांचं वजन गरजेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्रात हे प्रमाण 23 टक्क्यांच्या आसपास. हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, कारण केरळी माणूस मासे सोडून इतरही बरंच खातो. पण मेव्हण्यांच्या डबीवरच्या पुराव्यापेक्षा बराच बरा आहे.

आता रास्पबेरी. तिच्यातून ‘रास्पबेरी कीटोन’ काढतात आणि ते चरबी वितळवतं, असं डबी सांगते. कीटोन म्हणजे तिच्या वासाचा अंश. हा वास इतका सूक्ष्म असतो की एक किलो फळात तो एक ते चार मिलिग्रॅमच भरतो. कॅप्सूल असते शंभर मिलिग्रॅमची किंवा त्याहून मोठी. आमच्या भाषेत हिशेब करू: एका कॅप्सुलीला पाव ते एक क्विंटल रास्पबेरी. साठ कॅप्सुलींच्या डबीला किमान पंधरा क्विंटल. एवढा माल कुठल्या बागेतून येणार आणि एवढ्या किमतीत कसा परवडणार? तो बागेतून येतच नाही. प्रयोगशाळेत बनतो, आणि बऱ्याच वर्षांपासून आइसक्रीम-गोळ्यांना वास लावायला वापरला जातो. वजनाचं म्हणाल तर त्याची कीर्ती मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतली. उंदरांना स्निग्ध खाणं आणि सोबत भरमसाट कीटोन दिलं, तेव्हा त्यांची चरबी कमी वाढली. घनसावंगीतल्या उंदरांचा लठ्ठपणा हा प्रश्न गंभीर आहे, धान्याच्या गोदामात जाऊन कुणीही खात्री करावी. पण त्यासाठी आपण कॅप्सूल कशाला खायची?

ग्रीन कॉफीची कथा ऐकली तर मात्र आमच्या काटेवाल्यांनाही गहिवरून येईल. कॉफीच्या फळालाही बेरीच म्हणतात. तिच्या न भाजलेल्या बियांचा अर्क म्हणजे ग्रीन कॉफी. 2012 मध्ये एक शोधनिबंध आला: सोळा माणसांवर प्रयोग केला, आहार फारसा न बदलता वजनं झपाट्यानं उतरली. प्रयोग झाला होता आपल्याच बंगळुरात. सोळा माणसं! आमच्या अंबड रोडला एका जीपमध्ये याहून जास्त बसतात. पण अमेरिकेत टीव्हीवरच्या डॉक्टर ऑझ यांनी त्या बियांची मुक्तकंठानं तारीफ केली आणि दुकानं रिकामी झाली. मग तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कागद तपासले. कमिशनचं म्हणणं असं, की प्रयोग करणाऱ्यानं माणसांची वजनं वारंवार बदलली, प्रयोगाचा कालावधी बदलला आणि खरी गोळी कोणाला, पोकळ कोणाला याचाही घोळ घातला. प्रयोगाचे पैसे देणाऱ्या कंपनीनं 2014 मध्ये 35 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आणि त्याच वर्षी निबंध मागे घेतला गेला. वजनात फेरफार करून माल खपवणं ही कला आपण फक्त आपल्याकडच्या काट्यांवर पाहिली होती. ती आंतरराष्ट्रीय दर्जाची आहे, हे कळून जीव सुखावला.

त्याच 2014 च्या जूनमध्ये डॉक्टर ऑझना अमेरिकी सिनेटच्या समितीपुढं बोलावलं आणि अशा चमत्कारी शिफारशी का करता, म्हणून चांगलंच फैलावर घेतलं. निबंध गेला, कंपनी दंडली, डॉक्टरांनी बोलणी खाल्ली. ग्रीन कॉफी मात्र कुरिअरनं अजून येते, कॅश ऑन डिलिव्हरी.

आणि ती ॲमेझॉनची अकाई? ते एका ताडाच्या जातीचं फळ. बी मोठी, गर नावाला. ब्राझीलच्या पारा राज्यात गरीब माणसं तिचा गर कसाव्याच्या पिठाबरोबर आणि तळलेल्या मासळीबरोबर खातात. कशासाठी? पोट भरण्यासाठी. त्यात चांगला स्निग्धांश असतो, दिवसभराच्या कष्टाला ताकद मिळते. तिथला मजूर पोट भरायला जे खातो, ते आपण पोट आत जायला खातो, आणि त्याच्या रोजंदारीपेक्षा जास्त पैसे मोजून. अकाईनं वजन उतरतं असं ठोस दाखवणारा पुरावा आजवर नाही. तिची हवा झाली ती 2008-09 च्या सुमाराला, जाहिरातींमुळं. त्या जाहिरातींत आपली नावं परस्पर वापरली म्हणून टीव्हीवरच्याच ओप्रा विन्फ्री आणि हेच डॉक्टर ऑझ यांनी 2009 मध्ये विक्रेत्यांवर दावा लावला. 2011 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन अशा जाहिरातदारांच्या मागं लागलं. हे लोक बातमीसारखी दिसणारी जाहिरात करायचे आणि त्यातला बातमीदार स्वतः अकाई खाऊन बारीक झालेला असायचा. तो बातमीदारही खोटा आणि बारीक होणंही खोटं. आता हीच विद्या आपल्या व्हॉट्सअॅपवर फिरते, फक्त बातमीदाराच्या जागी ‘माझ्या मावससासूचा अनुभव’ आलाय. मावससासूवर दावा कोण लावणार?

गोजी बेरी ‘हिमालयाची देणगी’ म्हणून येते. जगातली बरीचशी गोजी पिकते ती चीनच्या निंग्शिया भागात. कुळ म्हणाल तर वांगं, टोमॅटो आणि मिरची हिचे भाऊबंद. म्हणजे भरल्या वांग्यानं ज्याचं पोट सुटलं, तो वांग्याच्याच चुलत्याला ते आत घ्यायला बोलावतोय.

बेरीच्या झाडाची एवढीच भक्ती करायची असेल, तर आमच्या जिल्ह्यात तुती आहे. जालन्यात रेशीमकोषांचा बाजार भरतो आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी कपाशी सोडून तुती लावली आहे. तुतीवर रेशमाच्या अळीइतकी निष्ठा कोणाचीच नाही. ती जन्मभर दुसरं काही तोंडात घालत नाही. आणि पंचवीस-सव्वीस दिवसांत तिचं वजन जन्मावेळच्या सुमारे दहा हजार पट होतं. मेव्हण्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “दादा, ती पाला खाते.” मुद्दा बरोबर होता. भाऊजी कधीमधी बरोबर बोलतात.

फळ म्हणून खाल्लेल्या बेरीबद्दल कुणाचं काही वाईट म्हणणं नाही. अमेरिकेतल्या 1 लाख 33 हजारांवर लोकांचा कित्येक वर्षं माग ठेवून केलेला एक अभ्यास 2015 मध्ये छापून आला. रोजच्या खाण्यात बेरीची एक वाटी वाढवणाऱ्यांचं वजन चार वर्षांत सुमारे अर्धा किलो कमी भरलं. चार वर्षांत अर्धा किलो! मेव्हणे हा आकडा पंधरा दिवसांसाठी कमी म्हणतील. बरं, त्याच अभ्यासात सफरचंद आणि पेअर या दोन साध्यासुध्या फळांचा आकडा बेरीपेक्षा कणभर सरसच होता. म्हणजे ब्राझीलला जायची गरज नाही. जांभळात तोच जांभळा रंग आहे, आवळ्यात क जीवनसत्त्व ठासून भरलंय, बोरं संक्रांतीला पोरांच्या डोक्यावरून ओततो इतकी आहेत. जालन्याच्या मोसंबीला तर 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यातलं काहीही चावून खाल्लं तर पोट थोडं भरतं आणि दुसरं खाणं थोडं कमी होतं. मात्र बागेतल्या मोसंबीला कोणी ‘मेटाबॉलिझम बूस्टर’ म्हणत नाही, म्हणून ती व्यापाऱ्याच्या भावानं जाते. रस काढून त्यात चार चमचे साखर घातली, तर तिचाही उपयोग संपला, हेही सांगून ठेवतो.

आता हसण्यावारी न्यायची नाही अशी एक गोष्ट. काही डब्यांची गोळी खरंच काम करते. आठवड्यात भूक मरते, वजन उतरतं, छातीत धडधडतं. अशा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ मालात अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वेळोवेळी सिब्युट्रामीन हे औषध चोरून मिसळलेलं सापडलं आहे. हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळं ते तिथं 2010 मध्ये बाजारातून काढलं गेलं आणि भारतानं 2011 मध्ये त्यावर बंदी घातली. गार्सिनिया असलेल्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यामुळं गोळीनं फरक पडला नाही तर नशीब समजा. झपाट्यानं पडला तर डबी घेऊन डॉक्टर गाठा. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय यातलं काही तोंडात घालू नये.

कायदा याबाबतीत झोपलेला नाही, फक्त त्याची अडचण मोठी मजेशीर आहे. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यात ज्या व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिराती करायला मनाई आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. कधीकाळी, देशात पोट भरण्याची मारामार असताना, कोणीतरी बसून विचार केला की एक दिवस लोक पोट कमी करायला फसतील. त्या द्रष्ट्याला माझा नमस्कार. पण ही डबी औषध नसते, ती कायद्यानं ‘अन्न’ असते. तिच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, आणि ‘औषध म्हणून वापरण्यासाठी नाही’ ही ओळ छापावी लागते. ती ओळ मुंगीच्या अक्षरांत असते. तो परवाना अन्न विकण्याचा असतो, बारीक करण्याचा नसतो. मेव्हणे मात्र तो क्रमांक बोट ठेवून दाखवतात: “बघा, सरकारमान्य!” या हिशेबानं बिस्किटाचा पुडाही सरकारमान्यच आहे. त्यानं कुणी बारीक झालं का?

वजन उतरवणारी खरी औषधं आता भारतात आली आहेत, 2025 पासून त्यांची आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं मिळतात. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात, महाग असतात, त्यांचे दुष्परिणाम असतात, आणि सोबत जेवण सांभाळावंच लागतं. मेव्हण्यांना त्यांच्याविषयी आकस आहे. “केमिकल हाय ते,” असं ते म्हणतात, कारखान्यात बनलेल्या रास्पबेरीच्या वासाची डबी हातात धरून.

एवढं सगळं खरं असलं, तरी एक प्रश्न उरतो. गावात काही लोक या डब्यांनी बारीक झाले आहेत. डोळ्यांदेखत झाले आहेत. पतसंस्थेतले एक साहेब सहा महिन्यांत पट्ट्याची तीन भोकं आत गेले. मग हे कसं झालं?

याचं उत्तर डबीतच आहे, पण कॅप्सुलीत नाही. प्रत्येक डबीसोबत घडी घातलेला एक कागद येतो. तो मी वाचला आहे. त्यावर लिहिलंय: साखर बंद. तळलेलं बंद. रात्रीचं जेवण आठच्या आत. ताटात आधी भाजी आणि कोशिंबीर, मग भाकरी. रोज पाऊण तास चालणं. सात तास झोप. आणि शेवटी, या सर्वांसोबत सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल. साहेबांनी कागद पाळला, श्रेय कॅप्सुलीला दिलं. गार्सिनियाच्या प्रयोगात डॉक्टरांना 1998 मध्ये जे दिसलं, तेच इथं पतसंस्थेत घडलं. कागद न पाळणारे, म्हणजे आमचे बंधू, चार डब्या संपवून जिथल्या तिथं आहेत, आणि मेव्हणे म्हणतात, “दादा, तुमची बॉडी रिस्पॉन्स देत नाही.” दोष बॉडीचा. कपाशीच्या टॉनिकवाल्या पोरानं ‘तुमची कपाशीच रिस्पॉन्स देत नाही’ असं बांधावर म्हणून बघावं. तो चहा न पिताच परत जाईल.

कागदातली पहिलीच ओळ घ्या. आमचा तालुका उसाचा, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा. इथं चहात साखर कमी घालणं म्हणजे पाहुण्याचा अपमान आणि कारखान्याशी बेइमानी. दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम, उष्मांक चाळीस. घरी एक, बाजारात दोन, तहसिलात काम असलं तर आणखी दोन. पाच चहांचे झाले दोनशे. एक किलो चरबीत सुमारे 7,700 उष्मांक. कागदावरचा हिशेब असा, की दुसरं काहीही न बदलता नुसती ही साखर सोडली, तर सव्वा महिन्याला एक किलो. शरीर वहीतल्या हिशेबाइतकं सरळ चालत नाही, पुढं पुढं ते आखडतं घेतं. पण अर्धं जरी खरं मानलं, तरी जगातल्या कुठल्याही बेरीनं एवढं करून दाखवलेलं नाही. आणि या उपायाला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. बहुधा म्हणूनच त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. फुकटच्या गोष्टीला ‘रिझल्ट’ कसा असेल?

तालुक्याची व्यायामाची परंपरा म्हणाल, तर जांब समर्थ आमच्याच तालुक्यात. 1608 साली तिथं जन्मलेल्या समर्थ रामदासांनी गावोगाव मारुती उभे केले आणि तरुणांना जोर-बैठका आणि सूर्यनमस्कारांना लावलं. स्वतः ते रोज बाराशे नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. दासबोधात मूर्खांच्या लक्षणांसाठी त्यांनी एक आख्खा समास खर्च केला आहे. त्यात कॅप्सुलीचा उल्लेख नाही. त्या काळी कुरिअर नव्हतं, एवढ्यावरच आपण सुटलो. बाराशेचं जाऊ द्या; बारा नमस्कारांनी सुरुवात करायला जागा एका सतरंजीची लागते, आणि सतरंजीवर कोणी कमिशन घेत नाही.

तेव्हा, वाचकहो, निकाल असा: बेरी हे फळ चांगलं, बेरीची कॅप्सूल कुचकामी, आणि डबीतला कागद अस्सल. दारात मेव्हणे आले तर नातं तोडू नका, त्यांना चहा द्या, बिनसाखरेचा. डबी उघडून कागद तेवढा काढून घ्या आणि डबी परत करा. “रिझल्ट आधी तुमच्या पोटावर दाखवा, भाऊजी,” एवढं म्हणायला विसरू नका. आमचे मेव्हणे त्यानंतर अजून आलेले नाहीत.